अचूक सर आणि बहात्तर मतदार

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान गणिताचे मास्तर आहेत. शाळेत पोरं त्यांना अचूक सर म्हणतात. ही टिंगल आहे हे सगळ्या शहराला ठाऊक आहे, एकट्या भावोजींना तेवढं तीस वर्षांत कळलेलं नाही. ते नाव कानावर पडलं की ते मान किंचित तिरकी करतात आणि खिशातलं लाल पेन चाचपतात.

त्यांच्या घरात चुकायची सोय नाही. ताईनं दुकानाची यादी लिहिली की ती आधी लाल शाईत तपासून निघते. दुधाच्या कॅलेंडरवर आकडा चुकला तर तो खोडायचाही नाही. चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ, वर बरोबर आकडा, बाजूला सही आणि त्या दिवसाची तारीख. 'याला खाडाखोड म्हणत नाहीत, याला दुरुस्ती म्हणतात,' असं ते सांगतात. अर्ध्या लिटर दुधासाठी सही करणारी माझी बहीण ही जगातली एकटीच बाई असावी.

माझं शिवणकामाचं दुकान आहे. भावोजींची पँट शिवायची म्हणजे माझी परीक्षाच असते. एकदा डावा पाय दोन सूत आखूड आहे म्हणून त्यांनी ती तीनदा उसवायला लावली. शेवटी मी दोन्ही पाय टेपनं मोजले आणि म्हटलं, "भावोजी, कापड बरोबर आहे हो. देवानं तुमचे पायच कमीजास्त कापलेत." त्यावर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. फार बरा गेला तो आठवडा.

पण त्यांना चूक दिसते ती फक्त कागदावर. एकदा हेडमास्तरांनी एका मुलाला भलत्याच्याच गुन्ह्यासाठी सगळ्या वर्गासमोर बडवलं. भावोजी तिथेच फळ्याशी उभे होते. घरी येऊन त्यांनी एवढंच सांगितलं की शिक्षेच्या वहीत त्या मुलाचा हजेरी क्रमांक चुकीचा पडला होता, तो त्यांनी नीट करून दिला. "आणि मार खाल्ला त्याचं काय?" असं ताईनं विचारलं, तर म्हणाले, "तो माझा विषय नाही."

या गृहस्थांच्या पोटी बबडी जन्माला आली हा निसर्गाचा विनोद आहे. बबडी म्हणजे माझी भाची. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, अंगानं काडी, आवाज मात्र असा की माझ्या दुकानातून हाक मारली तर कोपऱ्यावरचा रिक्षावाला थांबतो. तिला चूक दिसली की ती आधी माणूस धरते, कागद मग बघते.

यंदाच्या निवडणुकीत भावोजी त्यांच्याच शाळेतल्या मतदान केंद्राचे प्रमुख होते. आमच्याकडे मतं मोजतात ती केंद्रावरच. मोजणी झाली की प्रमुखानं निकालाचे दोन कागद भरायचे, एक केंद्राच्या दारावर चिकटवायचा, दुसरा पिशवीत घालून पिशवीला सील ठोकून निवडणूक कचेरीत पाठवायचा. आता यातली गंमत ऐका. मतदानाच्या दिवशी सकाळी पेट्या घ्यायला गेलं की कचेरीतला कारकून प्रत्येक प्रमुखापुढे पाच कोरे कागद ठेवतो आणि खाली सह्या घेतो. दोन कागद प्रमुखाबरोबर जातात, तीन कचेरीत राहतात. एखादा खराब झाला तर पुन्हा धावपळ नको म्हणून. ही पद्धत. दुकानाच्या यादीतले ऱ्हस्व-दीर्घ तपासणारा माणूस कोऱ्या कागदावर सही ठोकून मोकळा होतो.

"बाबा, कोऱ्या कागदावर सही करता तुम्ही?" बबडीनं विचारलं होतं.

"पद्धत आहे. सगळेच करतात."

"उद्या त्यावर कुणी काहीही लिहील."

"लिहिणाऱ्यानं बरोबर लिहावं," भावोजी म्हणाले आणि पेपरातलं शब्दकोडं सोडवायला लागले.

मी त्याच केंद्रावर मत दिलं. दोन तास रांगेत उभी होते, पाय सुजून चपलेबाहेर आले होते. गेली पंधरा वर्षं खुर्चीला चिकटलेल्या पक्षाला यंदा घरी बसवायचं असं आमच्या सगळ्या रांगेनं मनाशी ठरवलेलं दिसत होतं, कारण कुणी कुरकुर न करता उभं होतं. संध्याकाळी दारावर कागद लागला. भावोजींचं ते मोत्यासारखं अक्षर. सत्ताधारी एकशे एकतीस, विरोधक तीनशे एकोणसत्तर, बाद बारा, एकूण पाचशे बारा. मी स्वतः वाचला आणि खुशीत घरी गेले.

सकाळी दारावर कागद नव्हता. शहरातल्या चाळीस केंद्रांपैकी एकाच्याही दारावर नव्हता. दोन दिवसांनी कचेरीबाहेरच्या फळ्यावर चाळीस नवे कागद लागले आणि सत्ताधारी पक्ष थाटात निवडून आला. भावोजींनी हे पेपरात वाचलं. स्वतःच्या हातानं मतं मोजलेला माणूस! पेपर घडी करून ठेवला आणि आंघोळीला गेला.

फळ्याकडे नीट बघितलं ते कॉलेजच्या पोरांनी. भावोजींच्या केंद्राचा कागद कुणीतरी घाईत भरला होता. सत्ताधारी पाचशे एकोणसत्तर, विरोधक एकशे एकतीस, बाद बारा, आणि खाली एकूण पाचशे बारा. चोरी करायची तीही धड नाही. आकड्यांची अदलाबदल करताना तिनाचा पाच झाला होता. खरी बेरीज येत होती सातशे बारा, आणि त्या केंद्राच्या यादीत मतदारच होते सहाशे चाळीस. गावातलं शेंबडं पोरगंसुद्धा मतदानाला उतरलं असतं तरी बहात्तर माणसं जास्त होत होती.

पोरांनी ही बहात्तर माणसं उचलून धरली. कचेरीसमोरच्या रस्त्यावर बहात्तर रिकाम्या खुर्च्या मांडून ती बसली आणि रोज अकराला हजेरी घ्यायला लागली. "क्रमांक एक हजर आहे का?" मग शांतता. "क्रमांक दोन?" पुन्हा शांतता. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून हसायची, आणि या राज्यात सरकारला हसणं म्हणजे मोठीच गोष्ट. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी खुर्च्या गाडीत भरून नेल्या. पोरांनी रस्त्यावर खडूनं बहात्तर चौकोन आखले. पोलिसांनी पाण्याचा पाइप आणून ते धुतले. पोरांनी वाळल्यावर पुन्हा आखले. मग लाठ्या पडल्या. बबडी माझ्याकडे आली ती कोपर सुजवून. मी शेकायला पाणी ठेवलं आणि पोलिसांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कॉलेजनं अकरा जणांची नावं पटावरून काढली, त्यात बबडीचं नाव दुसरं. नोटिशीत लिहिलं होतं की निवडणुकीबद्दल खोटी अफवा पसरवल्याचं चौकशीत ठरलं तर नाव कायमचं जाईल, परीक्षा नाही, पदवी नाही.

म्हणजे आता सगळं त्या एका बेरजेवर होतं. पोरांचं शिक्षण, आणि आमची चोरलेली मतंही.

भावोजी रोज शाळेत जाताना त्याच रस्त्यानं जात. चौकोन चुकवत, छत्री काखेत धरून. एके दिवशी ते थांबले म्हणून पोरांना वाटलं, सर येऊन बसणार. पोरं सरकून जागा करायला लागली. सर म्हणाले, "पंचेचाळीसनंतर तुम्ही सत्तेचाळीस लिहिलंय. सेहेचाळीस राहिला." आणि निघाले! पोटची पोरगी त्याच रस्त्यावर कोपराला फडकं बांधून बसली होती.

पण निघताना त्यांची नजर वर गेली. पोरांनी फळ्यावरच्या कागदाचा फोटो दाराएवढा मोठा करून लावला होता. त्यावर ती चुकलेली बेरीज आणि बेरजेखाली भावोजींची सही. तोवर त्यांनी तो कागद पाहिलाच नव्हता. त्या दिवशी ते जेवले नाहीत. ताईला वाटलं, लेकीच्या काळजीनं. ती बिचारी मला फोनवर म्हणाली, "बोलत नाहीत गं, पण आतून तुटतात." मीही क्षणभर विरघळले. आता ते आठवलं की माझाच मला राग येतो.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे तेरा तारखेला, त्यांनी शाळेतून अर्धी रजा काढली. संध्याकाळी परत आले ते अगदी प्रसन्न. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. "कुठे गेला होतात?" असं ताईनं विचारलं, तर म्हणाले, "काम होतं."

एकवीस तारखेला चौकशी सुरू झाली. चौकशीला नेमलेल्या निवृत्त न्यायाधीशबाई बारीक चणीच्या, जाड चष्म्याच्या आणि कुणालाच न हसणाऱ्या होत्या. सभागृहात मीही जाऊन बसले, दुकानाला कुलूप लावून. पोरांच्या बाजूनं बबडी बोलायला उभी राहिली आणि तिनं फळ्यावरच्या कागदाचा फोटो दिला. कचेरीचे साहेब आरामात उठले. "फळ्यावर लावताना नक्कल करणाऱ्याचा हात चुकला," ते म्हणाले. "मूळ कागद सीलबंद पिशवीत आहे. बाईंनी उघडून पाहावा."

पिशवी उघडली. कागद निघाला. त्यात पाचशे एकोणसत्तरवर एक आडवी रेघ होती, वर तीनशे एकोणसत्तर लिहिलं होतं, आणि बेरीज चोख पाचशे बारा येत होती. बहात्तर माणसं एका रेघेत नाहीशी झाली. सभागृहात मागे बसलेले सत्ताधारी पक्षाचे लोक फिदीफिदी हसायला लागले. पोरांचे चेहरे मला बघवेनात.

बबडीनं कागद पाहायला मागितला. तिनं तो हातात घेतला, दोनदा वाचला आणि पार डोळ्यांजवळ नेला, तेव्हा बाईंनी विचारलं, "काय झालं?"

"ही दुरुस्ती माझ्या वडिलांच्या हातची आहे," बबडी म्हणाली. "आणि सहीशेजारी तारीख आहे. तेरा. मतदान चार तारखेला झालं, पिशवीला सील चार तारखेला लागलं."

साहेबांचं हसणं जागच्या जागी थिजलं. त्यांनी पिशवी बंद करताना कागदाकडे नीट पाहिलंच नव्हतं. अचूक सरांनी तपासलेला कागद कोण कशाला पुन्हा तपासतो? बाईंनी दुसऱ्या दिवशी भावोजींना बोलावलं.

त्या संध्याकाळी साहेब स्वतः ताईच्या घरी आले, फळांची पिशवी घेऊन. मी वाटाणे सोलत तिथेच बसले होते, उठले नाही. साहेब फार गोड बोलले. "सर, एक शब्द. घाईत तारीख चुकली, चारच्या जागी तेरा पडली. बस. माणूस आहे, चुकतो. तुमचं निवृत्तिवेतन दोन वर्षांवर आलंय, कशाला घोळ?" ते गेल्यावर बबडी बापासमोर उभी राहिली. "बाबा, तुम्ही चुकली म्हणालात तर आम्ही अकरा जण संपलो. जे झालं तेवढं सांगा."

"बघू," भावोजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. बाईंनी कागद पुढे केला. "ही तारीख बरोबर आहे की चुकून पडली?" साहेब मागून हळूच म्हणाले, "घाईत पडली असेल ना, सर?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. ताईनं माझा हात इतका आवळला की तिच्या बांगडीचा वळ उठला. भावोजींनी साहेबांकडे वळून पाहिलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला, वर्गात कुणी पाढा चुकल्यावर होतो तसा.

"माझी तारीख चुकत नाही," ते म्हणाले. "तेरा तारखेलाच गेलो होतो मी. बेरीज चुकली होती, माझ्या सहीखाली. ती दुरुस्त केली."

मग बाई विचारत गेल्या आणि भावोजी सांगत गेले. पिशवी कुणी उघडून दिली? कारकुनानं. कागदावरचे बाकीचे आकडे कुणाचे? "माझे नाहीत. माझा नऊ असा नसतो." मग सही तुमची कशी? सकाळी कोऱ्या कागदावर घेतली, सगळ्यांची घेतात. केंद्रावर खरी मोजणी काय झाली? भावोजींनी पाढा म्हणावा तसं म्हटलं, सत्ताधारी एकशे एकतीस, विरोधक तीनशे एकोणसत्तर, बाद बारा. ते ऐकताना मला माझे त्या रांगेत सुजलेले पाय आठवले आणि सगळ्यांसमोर रडूच कोसळलं.

बाहेर पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं. 'अचूक सरांचा विजय असो!' एका पेपरवाल्यानं विचारलं, "सर, एवढं धैर्य कुठून आणलंत?" भावोजींनी मान तिरकी केली आणि म्हणाले, "मी माझं कर्तव्य केलं." मी तिथेच तोंडाला पदर लावला. ज्याला दोन आठवडे आपल्या लेकीचं सुजलेलं कोपर दिसलं नाही, तो आता कर्तव्य सांगत होता. त्यांना तारीख चुकली म्हणवत नव्हतं, एवढंच त्यांचं धैर्य. साहेबांनी 'तुमची तारीख चुकली' असं म्हणण्याऐवजी 'तुमची मतं चुकली' असं म्हटलं असतं, तर हे निमूटपणे हो म्हणून घरी आले असते. पण पोरांना हे कोण सांगणार? मी नाही सांगितलं. अकरा पोरं परीक्षेला बसणार होती, तेवढ्यापुरता तो माणूस मला चालला.

संध्याकाळी घरी ताईनं शिरा केला. भावोजी खुर्चीत पसरून बसले होते, अंगावरचा गुलाल झटकत नव्हते. बबडी समोर बसली. ती त्यांच्याकडे अशी पाहत होती की मला वाटलं, आता ही बापाच्या गळ्यात पडते. तिनं विचारलं, "बाबा, बाईंनी एक विचारलं नाही. तुम्ही तेरा तारखेला तिथे किती वेळ होतात?"

"तीन तास."

"एका रेघेला तीन तास?"

भावोजी खूष झाले. कुणीतरी नेमका प्रश्न विचारला की ते होतातच. "अगं, कारकून म्हणाला, सर, आलाच आहात तर बाकीचेही कागद नजरेखालून घाला. एकोणचाळीस होते. सहांच्या बेरजा थोड्याथोड्यानं चुकलेल्या, फळ्यावर कुणाच्या ध्यानात न आलेल्या. मी आकडे जुळवून सांगितले, त्यानं नवीन कागदांवर उतरवले. साहेबांनी स्वतः चहा मागवला माझ्यासाठी." ते हसले. "माझा कागद मी नवा करू दिला नाही. दुरुस्ती उघड असावी."

ताईच्या हातातला चमचा वाटीत तसाच राहिला. मी शिऱ्याची वाटी बाजूला सारली. सहा केंद्रं. माझ्यासारख्या रांगेत उभ्या राहिलेल्या किती बायका असतील त्यात, आणि या माणसानं चहा पीत त्यांच्या मतांचे आकडे जुळवून दिले होते, चोरांना कुठे पकडले जाल ते दाखवून दिलं होतं.

"हे उद्या बाईंसमोर सांगाल?" बबडीनं विचारलं.

"छे. त्यांच्यावर माझी सही नाही. तो माझा विषय नाही."

बबडी ओरडेल असं मला वाटलं. ती ओरडली नाही. तिनं दप्तरातून वही काढली आणि शांतपणे म्हणाली, "सर, कुठली सहा? केंद्र क्रमांक आणि आधीचे आकडे. नीट आठवत नसेल तर राहू दे."

बाबा नाही, सर म्हणाली ती. त्यांच्या लक्षातही आलं नाही. ते ताठ बसले, डोळे मिटले आणि केंद्रवार सांगायला लागले, आधी काय होतं, बेरीज कितीनं चुकत होती, त्यांनी काय करून दिलं. एकदाही अडखळले नाहीत. बबडी लिहीत होती आणि तिचे डोळे वाहत होते. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले, वहीकडे हात केला आणि म्हणाले, "दाखव, बरोबर उतरवलंस का."

तिनं वही मिटली. माझी ताई, जिनं तीस वर्षं दुधाच्या अर्ध्या लिटरला सही केली, ती पदराला हात पुसत पुढे आली. "मी ऐकलंय सगळं," ती म्हणाली. "उद्या मी येते तुझ्याबरोबर." मीही म्हटलं, मीही ऐकलंय. आणि आम्ही तिघी उठलो, त्यांना तिथेच त्या खुर्चीत ठेवून.